पेशी लागल्या कामाला

८ जानेवारी

हॉस्पिटलमधून फोन आला. हिची निवड झाली! मेंदूत नव्या पेशी सोडण्याचा जो प्रयोग चाललाय, त्यात घेताहेत. मी ताबडतोब मुलीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, मी मीटिंगमध्ये आहे. सगळं मला सांगण्यापेक्षा लिहून ठेवत जा ना, शांत वाटेल तुम्हाला." म्हणून लिहायला बसलोय. शांत वगैरे काही वाटत नाहीये.

सगळं पहिल्यापासून लिहितो. सव्वा वर्षापूर्वी सकाळी गिऱ्हाइकाचं कापड बेतताना हिच्या हातातली कात्री गळून पडली आणि पाठोपाठ ही. मेंदूचा झटका. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत का होईना चालतो, आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. बोलायला मात्र तीनच शब्द उरले: 'नाही', 'हे' आणि 'अरे'. चौतीस वर्षांच्या संसारात हिनं मला 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती. आता 'अरे'. झटका काही शब्द निवडून नेत नाही, हाताला लागेल ते नेतो. शेजारणीसमोर सुरुवातीला कसंतरीच व्हायचं. आता चालतं.

मी गाडी शिकवणारा माणूस. शिकाऊ माणसाशेजारी बसून, माझ्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून जन्म गेला. झटक्यानंतर गाडी एका जुन्या विद्यार्थ्याकडे सोपवली आणि घरी बसलो. हिला उठवणं, भरवणं, बटणं लावणं, केस विंचरणं, सगळं मीच करतो. हिला काही मागावं लागत नाही. मी ओळखतो.

१६ जानेवारी

डॉक्टरीणबाईंनी तासभर समजावलं. हिच्या मेंदूत एक जागा आटलेल्या तळ्यासारखी झालीय. त्या जागी आता काही उगवायचं नाही. पण काठावरच्या पेशी जिवंत आहेत, नुसत्या मुकाट बसल्यात. त्या काठावर मेंदूच्या मूळ पेशी सोडायच्या.

मी म्हटलं, "म्हणजे नवे पार्ट."

"पार्ट नाही म्हणता येणार. त्यातल्या थोड्या मेंदूच्या पेशी होतील, बऱ्याच होणारही नाहीत. पण आहेत तोवर त्या शेजारच्या पेशींना खाऊपिऊ घालतात, सूज उतरवतात, नवे फाटे फुटायला मदत करतात. घरात आजारपण आलं की मावशी येऊन राहते ना, तसं समजा."

"मग मावशी परत जाते?"

"बऱ्याचदा. पण घर मार्गी लावून जाते."

बाई मला आवडल्या. पुढचं मात्र नाही आवडलं. पेशी अर्ध्याच लोकांना मिळणार. उरलेल्यांच्या कवटीला वरवर खळगा पाडून टाके घालणार, आत काहीच सोडणार नाहीत. कोणाला काय मिळालं ते वर्षभर आम्हालाही कळणार नाही आणि या बाईंनाही नाही. ऑपरेशन करणारे सर्जन वेगळे, ते कोणाशी बोलत नाहीत. "नाहीतर माणूस पेशींनी सुधारला की आशेनं, हे कळणार कसं?" असं त्यांचं म्हणणं. ज्यांना मिळणार नाहीत त्यांना नंतर देऊ म्हणाल्या, सगळं सुरक्षित ठरलं तर.

मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "तिची काही हरकत नाही."

"मी त्यांना विचारलंय."

मी हिला धोके समजावून सांगत होतो, रक्तस्राव, फीट वगैरे, तेवढ्यात हिनं डाव्या हातानं कागद ओढला आणि वेडीवाकडी सही ठोकली. जरा घाईच केली. पण मीही हेच ठरवलं असतं.

२ फेब्रुवारी

हिला आत नेलं. कानाच्या वर केसांचा चौकोन काढला होता. जाताना हिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाही." काय नाही? घाबरू नको, की मी घाबरले नाही? की नकोच हे सगळं? दार बंद झालं.

बाकावर शेजारी एक बाई होत्या. त्यांचा भाऊ सुतार. त्यालाही आजच आत घेतलंय. त्याचा डावा हात मुठीसारखा मिटून गेलाय. त्या म्हणाल्या, "एकाच दिवशी दोघांना. एकाला मिळाल्या तर दुसऱ्याला नाही, असं असतं का हो?" मी म्हटलं, तसं काही नसतं, कॉम्प्युटर ठरवतो. पण मनात आलं, असलंच तसं, तर हिला मिळू दे. असं मनात यायला नको होतं. पण आलं.

५ फेब्रुवारी

घरी आलो. डोकं दुखतंय म्हणून कपाळाला हात लावते. बाकी ठीक. पेशी मिळाल्यात, मला शंका नाही. हिच्या डोळ्यांत चमक आलीय. शिवाय डॉक्टरीणबाईंचा चेहरा. लायसन्सची परीक्षा घेणारे साहेब पास करणार की नापास, हे त्यांच्या भुवईवरून ओळखण्यात माझी हयात गेली. बाईंनाही माहीत नसतं असं म्हणतात, पण भुवईला असतं.

२३ फेब्रुवारी

हॉस्पिटलची थेरपिस्ट मुलगी घरी येऊ लागलीय. हाताचा आणि बोलण्याचा, दोन्ही व्यायाम तीच घेते. हुशार आहे, पण अनुभव कमी. आज हिला चित्र दाखवून विचारलं, "हे काय आहे?" ही ओठ हलवत होती, म्हणून मी म्हटलं, "घड्याळ." दुसरं चित्र. मी म्हटलं, "खुर्ची."

मुलगी म्हणाली, "काका, तुमची तयारी झकास आहे. तुम्ही जरा स्वयंपाकघरात बसता का?"

बसलो. तिथून उत्तरं सांगत होतो, पण दार लोटलेलं होतं, ऐकू गेली की नाही कोण जाणे.

१९ मार्च

काही नाही. हात तसाच, शब्द तीनच.

हॉस्पिटलात सुतार भेटला. त्याची बहीण म्हणाली, "दाखव रे." त्यानं मूठ पुढे केली आणि सावकाश करंगळी उघडली. नुसती करंगळी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. घरी येताना हिच्याशी बोललो नाही, जसं काही हिनंच काहीतरी चुकवलं होतं. मग लाज वाटली.

३० मार्च

नवीन त्रास. ही चिडचिडी झालीय. मी घास भरवत होतो तर चमचा हिसकून फेकला. केस विंचरताना मान काढून घेते. पेशींचा परिणाम असावा म्हणून हॉस्पिटलला कळवलं. थेरपिस्टनं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चमचा कुठल्या हातानं फेकला?" डाव्या. "लांब गेला?" गेला की, पार खिडकीपर्यंत. "छान," म्हणाली. या पिढीचं मला काही कळत नाही.

७ एप्रिल

पडून लिहितोय. ही सकाळपासून माळ्याकडे बोट दाखवून "हे, हे" करत होती. रजई दिली. नको. उशी दिली. नको. पंखा लावला. तिनं कपाळावर हात मारला. मग कळलं, शिवणाचा डबा! स्टुलावर चढलो, डबा हाताला लागला आणि स्टूल निसटलं. घोटा मोडला. मांडीपर्यंत प्लास्टर. दीड महिना पाऊल जमिनीला लावायचं नाही.

मुलगी फोनवर म्हणाली, "मी येते रजा काढून."

फोन स्पीकरवर होता. ही म्हणाली, "नाही."

"अगं आई, बाबा पडलेत. तुझं कोण करणार?"

"नाही!" आवाज पलीकडच्या बिऱ्हाडात गेला असेल.

मुलीची रजा फुकट जाऊ नये म्हणून हिची धडपड. आईचं काळीज. पण आता आमचं व्हायचं कसं? शेजारीण दोन वेळचं जेवण आणून ठेवते म्हणालीय. बाकीचं?

९ एप्रिल

चहा हिनं केला. एका हातानं. मी इथून ओरडून सांगत होतो, आधी गॅस बारीक कर, भांडं उजवीकडे सरकव, कान धरायला फडकं घे, फडकं! स्वयंपाकघराचं दार धाडकन लागलं. वारा सुटला असावा.

बऱ्याच वेळानं चहा आला. अर्धा बशीत सांडलेला, साखर विसरलेला. मी प्यायलो. बरा होता.

१० एप्रिल

आज वारा नव्हता. दार तरीही लागलं.

१८ एप्रिल

ही केस स्वतः विंचरते. भांग नांगरटीसारखा वाकडा येतो, पण आरशात बघून मान डोलावते. बटणं लावायला वेळ लागतो, कधी एक घर चुकतं. मी सांगायला जातो तर तोवर ही दुसऱ्या खोलीत. पाय ओढत चालणाऱ्या बाईला पकडता येऊ नये अशी माझी गत.

खरं लिहायचं तर दिवसभर छताकडे बघून मी रडकुंडीला येतो. हिला माझी गरज आहे आणि मी ओंडक्यासारखा पडलोय.

२६ एप्रिल

आजचा दिवस सोन्याचा! ही कप घेऊन दारात उभी राहिली, ओठ जुळवले, मान खाली घातली, पुन्हा वर केली आणि म्हणाली, "च... हा."

चहा! दीड वर्षानंतर नवा शब्द! मी मोठमोठ्यानं म्हटलं, शाब्बास, आता म्हण कप, म्हण बशी, म्हण साखर, म्हण...

ही म्हणाली, "गप्प."

एका दिवसात दोन! मुलीला फोन केला, "पेशी लागल्या कामाला!" तिनं विचारलं, दुसरा शब्द कोणता? सांगितला. ती इतकी हसली की मीटिंगमधल्या लोकांनी तिच्याकडे पाहिलं म्हणे. आनंदच तसा आहे.

१४ मे

दुपारी पेंगत होतो. पलीकडच्या खोलीतून आवाज आला. कर्र, कर्र. थांबला. पुन्हा कर्र. आधी वाटलं, उंदीर. मग ओळखला. कात्री.

मी हाक मारली नाही. कान देऊन नुसता पडून राहिलो. हिनं शिवणाचा डबा कधी उघडला, टेबलावर कापड कसं अंथरलं, देव जाणे. संध्याकाळी मला शर्टाची एक बाही आणून दाखवली. उजवा हात कापडावर वजनासारखा ठेवते आणि डाव्यानं कापते. कड करवतीसारखी, पण बाही म्हणजे बाहीच. मी डोळे पुसले.

पेशींचे उपकार कसे फेडायचे!

२४ मे

प्लास्टर निघालं. थेरपिस्ट आली होती. म्हणाली, "काकू, आज 'अहो' म्हणून बघूया." पाच-सहा वेळा अडखळली, मग स्वच्छ म्हणाली, "अहो." अगदी पूर्वीसारखं. थेरपिस्ट म्हणाली, "वा! आता काकांना हाक मारा."

ही माझ्याकडे वळली, दोन क्षण बघितलं आणि म्हणाली, "अरे."

मी म्हटलं, अगं, आता येतंय ना तुला? ही हसली. थेरपिस्ट खाली बघून कागद आवरत होती. हाक मारताना अजून गोंधळ होत असावा. पण खरं सांगू, मलाही आता 'अहो' परक्या माणसाला हाक मारल्यासारखं वाटलं.

२१ सप्टेंबर

महिनोन्‌महिने लिहिलं नाही, कारण सगळं चाललंय. मी पुन्हा गाडीवर जायला लागलोय, फक्त सकाळचा. हिनंच पाठवलं. दाराकडे बोट करून "जा" म्हणाली. हिचे शब्द आता मोजत नाही. वाक्य मात्र होत नाही, दोन-तीन शब्द जुळतात आणि गाडी बंद पडते. उजवा हात काही हलत नाही. बोटं वळलेली ती वळलेलीच. सुताराची मूठ मात्र पूर्ण उघडलीय, परवा रंधा धरून दाखवला. त्याच्याहून हिचं बोलणं पुढे, हिच्याहून त्याचा हात पुढे. पेशी कुठे जाऊन बसतील त्यावर असेल.

६ फेब्रुवारी

वर्ष झालं. आज कोणाला काय मिळालं त्याची बंद पाकिटं उघडली.

सुताराला पेशी मिळाल्या होत्या. त्याची बहीण रडायलाच लागली.

मग डॉक्टरीणबाई आमच्याकडे वळल्या. हिच्याशीच बोलल्या. "तुम्हाला मिळाल्या नव्हत्या. वरवरचा खळगा आणि टाके, एवढंच."

मी म्हटलं, "काहीतरी चूक आहे. पाकीट बदललं असेल."

"नाही बदललं."

"अहो, चहा स्वतः केला हिनं! एप्रिलमध्ये बोलायला लागली, मे महिन्यात कात्री धरली. पेशी नव्हत्या तर हे केलं कोणी?"

त्यांनी पाकीट खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "एप्रिलमध्ये घरात काही वेगळं झालं होतं?"

"काही नाही. मीच तर दीड महिना बिछान्यात पडून होतो."

थेरपिस्ट खिडकीबाहेर बघत होती. आणि एकदम ही हसायला लागली. खुर्चीत पुढे वाकून, डाव्या हातानं टेबल बडवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग थेरपिस्ट हसली. डॉक्टरीणबाईंनीही तोंड वळवलं. मी एकटाच सगळ्यांकडे बघत राहिलो.

हसणं ओसरल्यावर बाईंनी पुढचं सांगितलं. सगळ्यांचे निकाल मांडून पाहिले. पेशी मिळालेले लोक न मिळालेल्यांपेक्षा जास्त सुधारलेत. फार नाही, पण योगायोग म्हणता येणार नाही इतकं. काहींना काहीच फरक नाही. एकाला फीट आली, औषधानं थांबली. सुतारानंही रोज व्यायाम केला तेव्हाच मूठ उघडली, पेशी काही हात धरून शिकवत नाहीत. आता हव्या असतील तर हिलाही मिळतील.

मी म्हटलं, "नको. एवढं छान चाललंय, पुन्हा कशाला डोक्याला हात..."

हिनं डावा पंजा वर केला. माझ्यासमोर, रस्त्यातल्या पोलिसासारखा.

मग ती बोलली. मी तिचं वाक्य जसंच्या तसं लिहितो, कारण इतकं लांब वाक्य दोन वर्षांत पहिल्यांदा आलं. मध्ये इतक्या वेळा थांबली की बाहेरून कोणीतरी दार उघडून डोकावून गेलं. मी एकही शब्द पुरवला नाही.

"मला... हव्यात. एवढं... रिकाम्या... डोक्यानं केलं. आता... भरून... बघू."

७ फेब्रुवारी

आज सकाळी चहा करायला उठलो आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबलो. वारा. मी खरंच वारा असं लिहिलं होतं.

मला वाटत होतं, मी हिला उभी केली. चमचा, कंगवा, बटणं, शब्द, सगळं मी हातात घेऊन बसलो होतो, आणि हिला काही करायला जागाच नव्हती. हिनं सांगितलंही असेल. तीन शब्दांत जेवढं सांगता येतं तेवढं.

ही उठून आली. मला दारात बघून म्हणाली, "काय?"

मी म्हटलं, "काही नाही. चहा तू करतेस की मी?"

ती विचार करून म्हणाली, "तू."

२४ फेब्रुवारी

काल खरं ऑपरेशन झालं. या वेळी आत जाताना "येते" म्हणाली. बाकावर मी एकटाच बसेन असं वाटलं होतं. सुतार आणि त्याची बहीण येऊन बसले. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. उघडलेल्या डाव्या हातानं माझा खांदा धरून बसला होता. त्या हाताला चांगलं वजन आहे.

डोकं दुखतंय, बाकी ठीक. मी कोणाच्या भुवईकडे बघितलं नाही.

३० एप्रिल

उजव्या अंगठ्यानं टेबलावरचा दोरा जरासा सरकला. मला भास वाटला. थेरपिस्ट म्हणाली, "भास नाही काका. काकू, पुन्हा." पुन्हा सरकला.

डॉक्टरीणबाईंना फोनवर विचारलं, हे पेशींचं, व्यायामाचं, की हिच्या हट्टाचं? म्हणाल्या, एका माणसावरून सांगता येत नाही, म्हणून तर इतकी माणसं लागतात. आता मोठा प्रयोग सुरू होतोय, त्यात झटका येऊन फार दिवस झालेलेही लोक घेणार. हिनं ऐकलं आणि म्हणाली, "लवकर." कोणासाठी म्हणाली ते कळलं नाही. बहुतेक सगळ्यांसाठीच.

१७ मे

पूर्ण दिवस गाडीवर होतो. एका आजोबांना शिकवायला घेतलंय. वळणावर डोळेच मिटतात.

संध्याकाळी आलो तर ही टेबलाशी बसलेली, समोर एक बायकी कोट, उसवलेला. नवीन गिऱ्हाईक. मला बस म्हणाली. दिवसभरात काय झालं ते सांगायचं होतं.

"एक... बाई... आली."

"बरं."

"छान... आहे. हसरी. पण तिचा..."

थांबली. मला शब्द माहीत होता. कोट. समोरच पडला होता. जिभेवर आला होता माझ्या. मी दात आवळले आणि हातांची घडी घालून बसलो. ती शोधत होती. डोळे मिटले, उघडले. अंगठा टेबलावर हलत होता, तिला ठाऊकही नव्हतं. बाहेर कोणीतरी गाडी लावत होतं, चुकीच्या बाजूनं वळवत होतं, मी तिकडेही गेलो नाही. माझा चहा गार झाला.

"तिचा... नवरा," ती म्हणाली. मग माझ्याकडे रोखून बघत, एकही शब्द न अडखळता, "फार बोलतो."

मी म्हटलं, "असतात काही."